न पाहिलेली सत्तावीस

हॅझलकोमच्या स्टेशनावर विजेची तार येते आणि तिथेच संपते. प्लॅटफॉर्मच्या पूर्वेच्या टोकाला शेवटचा खांब उभा आहे, आणि त्याच्या पुढे नुसतं आभाळ. लंडनहून तार ओढत आणली, भाषणं झाली, फिती कापल्या, आणि ऐन हॅझलकोमला येऊन पैसे संपले. मग पुढच्या गावांनी काय करायचं? तर म्हणे गाडीच दुहेरी करू. तार आहे तोवर विजेवर पळेल, तार संपली की पोटातलं डिझेल इंजिन सुरू करेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण या लोकांना कोणी सांगितली नसावी.

"जेवायला बोलावलंय, आणि पाहुणा येताना काखेत स्वतःचा स्टोव्ह घेऊन आलाय," ऑब्री टॅनकॉक म्हणायचा. "यजमान भिकार आणि पाहुणाही भिकार."

शेवटच्या खांबासमोरच्या बाकावर बसून तो हे गेली कित्येक वर्षं दर शनिवारी म्हणत आला होता. त्याच्या डाव्या हाताला नॉरिस ग्रीनस्लेड, उजव्या हाताला ग्लेनिस प्रोबर्ट. नॉरिसने जन्मभर पत्रं वाटली. ग्लेनिस दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलायला होती. ऑब्रीचं गावात खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्यांचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकाला चुकीचा स्क्रू मागितल्याबद्दल दोन शब्द ऐकवल्याशिवाय त्याने कधी बरोबर स्क्रू दिला नाही. तिघांचा धंदा आता एकच होता. गाडी आली की तिच्या नाकावरचा नंबर वाचायचा, आणि तो आधी पाहिलेला नसेल तर पुस्तकात त्या नंबराखाली रेघ मारायची. यात काय मजा आहे असं ज्याला विचारावंसं वाटतं, त्याला ती कधी कळणार नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

या धंद्याला नियम होते आणि ते बहुतेक ऑब्रीनेच घातले होते. पहिला नियम, नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचला पाहिजे. शेजाऱ्याने सांगितलेला चालत नाही, फोटोतला चालत नाही, फोनमधला तर नाहीच नाही. दुसरा म्हणजे रिवाज. एका जातीच्या सगळ्या गाड्या ज्याच्या पाहून झाल्या, त्याने बाकावरच्या सगळ्यांना चहाच्या खिडकीवरून बेकनचा पाव आणून खिलवायचा. पाव खाल्ला म्हणजे खाणाऱ्याने ते मान्य केलं. त्यावर पुन्हा चर्चा नाही.

पहिला नियम मोडणाऱ्याचं काय होतं, ते समोरच्या प्लॅटफॉर्मवर दिसायचं. तिथे रेक्स चिलकॉट आपली घडीची खुर्ची टाकून एकटा बसायचा. फार वर्षांपूर्वी एक इंजिन गेलं तेव्हा रेक्स स्टेशनाच्या संडासात होता. नुसत्या आवाजावरून त्याने बाहेर येऊन रेघ मारली. ऑब्रीने त्याला तिथल्या तिथे बाकावरून उठवला. "तू कानाने गाड्या बघ, जा," असं म्हणाला. तेव्हापासून रेक्स पलीकडे. हिवाळ्यात ऊन त्याच्या बाजूला असायचं, पण इज्जत इकडच्या बाजूला होती.

आणि आता ऑब्रीच्या डोळ्यांनी दगा दिला होता.

डॉक्टरने सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. चहूकडचं दिसत राहील, मधलं जाईल. झालंही तसंच. ऑब्री जिथे बघेल तिथे नेमका एक करडा गोळा येऊन बसायचा. गवत दिसायचं, खांब दिसायचा, गाडीचा हिरवा पट्टा सणकन जाताना दिसायचा. माणसाचं तोंड दिसायचं नाही. नंबर तर मुळीच नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कशाला? ज्याला नंबर दिसत नाही त्याचं बाकावर काम काय? तीस-चाळीस वर्षांची जागा, आणि ही दोन माणसं सोडली तर त्याला जगात शनिवारी जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

तेव्हा त्याने आपला जुना धंदा काढला. जे हातचं गेलं त्याला नावं ठेवायची. गाडी चालवायचा परवाना परत करावा लागला, तर म्हणे रस्त्यावर सगळे गाढव सुटलेत, त्यांच्यात कोण जाणार. शब्दकोडं सुटेना, तर म्हणे हल्ली कोडी घालणाऱ्यांनाच शब्द येत नाहीत. आणि नव्या गाड्यांचे नंबर दिसेनात, तर म्हणे असल्या गाड्यांचे नंबर लिहून पेन्सिल कोण झिजवणार? कोल्ह्याची द्राक्षं तरी वेलीवर उंच होती, याची द्राक्षं दर अर्ध्या तासाने नाकासमोरून जात होती.

पण एक गोष्ट त्याला छळत होती. या दुहेरी गाड्यांपैकी फक्त एक त्याची राहिली होती, सत्तावीस नंबरची. डोळे चांगले होते तेव्हा बाकीच्या सगळ्या झाल्या. ही मेली तेव्हा नेमकी कुठे तरी दुरुस्तीला पडली होती. नॉरिसला आणि ग्लेनिसला ती मागच्या वसंतात मिळाली, दोघांनी पाव खिलवले, आणि ऑब्रीने ते खाल्ले. आयुष्यात त्याने एकही जात अर्धी सोडली नव्हती. तुच्छ मानतो म्हणून काय झालं? तुच्छ गोष्टसुद्धा पुरी करायची असते.

त्या ऑक्टोबरच्या शनिवारी सकाळी ऑब्रीने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी लावून घेतलं. भाचीने दिलेला बोलणारा फोन त्याने ओट्यावर ठेवला आणि ज्या गोष्टीसाठी त्याने नॉरिसला वर्षभर धारेवर धरलं होतं, तीच गोष्ट हळूच विचारली. आज कुठल्या गाडीला कुठला डबा-संच लावलाय? फोन ठणठणीत आवाजात म्हणाला की लंडनहून येणाऱ्या, हॅझलकोमला न थांबणाऱ्या सकाळच्या गाडीला सत्तावीस. ऑब्रीने फोनवर टॉवेल टाकला.

बाकावर आल्या आल्या त्याने तोंड सोडलं. सवयच होती, आणि आज गरजही होती.

"काल एकीत बसावं लागलं," तो म्हणाला. "दातांसाठी. सीट आहे का इस्त्रीची फळी? कमरेला विचारलं, बाई, तू माझीच का?"

"तुझ्या कमरेने काय सांगितलं?" ग्लेनिसने थर्मासचं झाकण काढत विचारलं.

"म्हणाली, उतर. आणि जेवणाचा डबा कुठाय? तर एक पोरगी ढकलगाडी घेऊन येते. त्यात एक बिस्कीट. तेही बिस्कीट लाजलेलं."

"मला आवडतात बाबा या गाड्या," ग्लेनिस म्हणाली. "धुऊन आल्या की कशा चकाकतात. नाक तर इतकं सुंदर आहे."

"सुंदर? ते नाक? कोणी तरी दारावर आपटलेलं नाक आहे ते! अगं, तुझी नजर तरी तपासून घे."

नॉरिस दुर्बीण पुसत होता. तो पुसायचा थांबला, ग्लेनिसकडे त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा पुसायला लागला. ऑब्रीला अर्थातच ते दिसलं नाही.

"आज सत्तावीस येईल म्हणतात," नॉरिस म्हणाला.

"कोण म्हणतं? तुझा फोन? उद्या फोनला म्हणावं, माझ्या जागी येऊन बस, मी घरी झोपतो. अरे, गाडी काय येणार ते आधीच कळलं तर बघायचं कशाला? लग्नाआधी बारसं!"

"तुला नको असेल सत्तावीस, तर नको."

"मला काडीचीही पडलेली नाही," ऑब्री म्हणाला, आणि कोटाच्या खिशात त्याने पेन्सिल घट्ट धरली.

वारा पूर्वेचा होता. रुळांतून आधी ती बारीक शीळ आली. तारेखाली असताना या गाड्यांना आवाज असा नसतोच, वाऱ्याने कागद फाटावा तेवढाच. मग शेवटच्या खांबाच्या अलीकडे तारेला टेकलेला छतावरचा हात खाली बसला, पोटातलं डिझेल खोकत सुरू झालं, आणि हिरवा पट्टा धडधडत त्यांच्या पुढून गेला. ऑब्रीने मान उंच केली, करड्या गोळ्याच्या मधोमध बघितलं, आणि गाडीचं शेपूट पुलाखाली जायच्या आत तो ओरडला.

"सत्तावीस! मिळाली! घ्या, झाल्या सगळ्या!"

त्याने पुस्तक काढलं, चाचपून पान लावलं आणि जोर करून रेघ मारली. रेघ कुठे पडली कोण जाणे.

डाव्या हाताला नॉरिसने दुर्बीण खाली ठेवल्याचा खट् आवाज झाला. ग्लेनिस म्हणाली, "वा. छान झालं, ऑब्री." तिचा आवाज एखाद्याच्या घरी मयताला गेल्यासारखा होता, पण ऑब्री आनंदात होता. आनंदात म्हणजे, कित्येक महिन्यांत त्याला असं वाटलं नव्हतं. खोटं बोललो याची टोचणी होती, पण गाडी तर गेली होती ना खरोखर, त्याच्या समोरूनच गेली होती. डोळ्यांनी साथ दिली असती तर वाचलाच असता नंबर. अशी स्वतःची समजूत घालत तो उठला आणि कठड्याला हात लावत लावत चहाच्या खिडकीकडे गेला.

तीन पाव घेऊन तो परत आला. गरम कागद, बेकनचा वास, वर तपकिरी सॉस. त्याने एकेकाच्या हातात एकेक ठेवला.

"खा," तो म्हणाला. "आणि आता या भिकारड्या जातीचं नाव माझ्यापुढे काढू नका. संपला विषय."

ग्लेनिसने घास घेतला. कागद चुरचुरला. ऑब्रीनेही घेतला. नॉरिसकडून मात्र काहीच ऐकू येईना. नॉरिस ग्रीनस्लेड हा असा माणूस होता की आपल्या बहिणीच्या अंत्यविधीतही त्याने दोनदा पाव वाढून घेतला होता.

"थंड होतोय तुझा," ऑब्री म्हणाला.

"होऊ दे."

"पोट बिघडलंय का?"

"पोट बरं आहे."

ऑब्रीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. खाल्लं म्हणजे मान्य केलं, हा रिवाज त्याचाच. नॉरिस खात नव्हता. म्हणजे गाडी सत्तावीस नव्हती. फोन त्या ओट्यावर जे ठणठणीत बोलला, ते सकाळचं होतं. मधल्या वेळात डेपोत कुठे नळ गळला असेल, दार लागलं नसेल, आणि लावली असेल दुसरीच गाडी. या गाड्यांचं काय, यांच्यावर भरवसा ठेवणाराच मूर्ख. आणि तो मूर्ख या क्षणी बाकाच्या मधोमध बसून बेकन चघळत होता.

समोरच्या प्लॅटफॉर्मवर रेक्स चिलकॉट खोकला. ऑब्रीला वाटलं, तोही हसतोय.

"चूक होते रे कधी कधी," ग्लेनिस घाईघाईने म्हणाली. "केवढ्या वेगात जाते मेली. त्यात तूच म्हणतोस ना, सगळ्या एकसारख्या, एका साच्यातल्या. चौदा काय नि सत्तावीस काय. कोणाच्याही लक्षात येणार नाही."

चौदा. म्हणजे चौदा नंबरची होती.

वाट मोकळी होती. त्याच्याच शिव्यांनी बांधलेली वाट. 'हो, असल्या गाड्यांत फरक कोणाला कळतो' एवढं म्हटलं की झालं. रेघ खोडायची, दोन शिव्या आणखी द्यायच्या, पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसायचं. ग्लेनिस तोंडातला घास न गिळता वाट बघत होती, तो हे कधी म्हणतो याची. ऑब्रीने तोंड उघडलंही. पण डाव्या बाजूला तो न खाल्लेला पाव होता, आणि त्याचा वास येत होता.

"मला दिसत नाही," ऑब्री म्हणाला.

मग त्याने हातातला पाव मांडीवर ठेवला.

"नंबर दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही. तुमची तोंडंही दिसत नाहीत, म्हणजे त्यात नुकसान नाही म्हणा. मी सकाळी फोनला विचारून आलो होतो."

"डोळ्यांचं आम्हाला माहीत आहे," नॉरिस म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"अरे, ऑगस्टपासून तू त्या कचऱ्याच्या डब्याला 'गुड मॉर्निंग' म्हणतोयस," ग्लेनिस म्हणाली. "पहिल्यांदा वाटलं चेष्टा करतोयस. मग एकदा तू त्याला म्हणालास, जाड झालास."

"मला वाटलं तो पोर्टर आहे."

"पोर्टरला काढून बारा वर्षं झाली!"

"म्हणून तर म्हटलं, परत आलास का!" ऑब्री ओरडला, आणि मग त्याचा आवाज बसला. "मग इतके दिवस बोलला का नाहीत? मी इथे गाड्यांना शिव्या देत बसलो, आणि तुम्ही आपले ऐकताय. मजा वाटली?"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "मजाच वाटते. शिव्या छान देतोस तू."

नॉरिसने पाव बाकावर ठेवला. तो कमी बोलायचा, आणि बोलायचा तेव्हा दारातून पत्र आत सरकवल्यासारखा बोलून मोकळा व्हायचा. "तुझे डोळे गेले, ते मला उन्हाळ्यातच कळलं, ऑब्री. त्याचं मला वाईट वाटलं. पण तू खोटं बोलशील, हे मला आज कळलं. त्याचं जास्त वाईट वाटलं."

ऑब्रीने पुस्तक कोटात घातलं आणि तो उठून उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याचा त्याला संताप येत होता. पुलाच्या पायऱ्या कुठल्या बाजूला, ते त्याने मान तिरकी करून कडेच्या नजरेने शोधलं.

"कुठे निघालास?" नॉरिसने विचारलं.

"पलीकडे. नियम आहे. मीच केलाय."

"पलीकडे रेक्स आहे."

"माहीत आहे."

"तो तुला उभा करेल?"

ऑब्री थांबला. त्याने विचार केला. मी रेक्स असतो तर? "पुलावरून ढकलून देईल," तो म्हणाला.

"देईलच. आणि मी त्याला दोष देणार नाही. बस खाली." ऑब्री बसला नाही, तेव्हा नॉरिसने त्याच्या कोटाची बाही ओढली. "सांग बघू. सत्तावीस पाहिलीस का?"

"नाही."

"कधी?"

"कधीच नाही." नाही म्हणजे आता कायमचंच नाही. "ती राहिली. राहणारच."

"झालं तर मग," नॉरिस म्हणाला, आणि गार झालेला पाव उचलून त्याने मोठा लचका तोडला. सॉस गोठला होता. तो तसाच खात राहिला.

"हे कशाबद्दल खातोयस?" ऑब्रीने विचारलं.

"भुकेबद्दल."

ग्लेनिसने चहा ओतून कप ऑब्रीच्या हातात नीट बसवला. पूर्वी ती तो बाकावर ठेवायची. मग तिला राहवलं नाही.

"मी म्हणते, आम्ही वाचून दाखवू की नंबर. सत्तावीस आली की सांगू, तू रेघ मार. कोणाचं काय जातंय? नियम काय देवाने केलेत?"

"देवाने केले असते तर मोडले असते," ऑब्री म्हणाला. "मी केलेत. स्वतःच्या डोळ्यांनी म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी. तुझ्या डोळ्यांनी बघायचं असतं तर तुझ्याशी लग्न केलं असतं."

"केलं नाहीस, देवाची कृपा."

"दोघांवर."

"मग तू इथे बसून करणार काय?" नॉरिसने तोंड पुसत विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"शिव्या देणार," ऑब्री म्हणाला. "त्याला डोळे लागत नाहीत."

तेवढ्यात पश्चिमेकडून गाडी आली. ही लंडनकडे जाणारी, तेव्हा सगळा उलटा खेळ. येताना डिझेलवर धापा टाकत, आणि खांब जवळ आला की इंजिन बंद करून छतावरचा हात वर, तारेला भीक मागायला. ऑब्रीने छाती भरून श्वास घेतला.

"आली! आली बघा, काखेत स्टोव्ह मारून! अगं ए, धड वीज नाही, धड डिझेल नाही, तुला काय म्हणून हाक मारायची? नाक बघा, ते नाक..."

आणि तो अडला. नाक त्याला दिसत नव्हतं. तो ज्या नाकाला शिव्या देत होता, ते दोन वर्षांपूर्वी पाहिलेलं नाक होतं. तेच ते, तेवढंच, आणि तेही आता आठवणीत पुसट व्हायला लागलं होतं. आणखी वर्षभराने शिव्या द्यायला तरी काय उरणार होतं? हिरवा पट्टा कडेने वाहत गेला. रूळ शांत झाले.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली," नॉरिस म्हणाला. नंबर त्याने सांगितला नाही.

ऑब्रीने कप दोन्ही हातांत धरला. आयुष्यात त्याने हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडून गाडी ऐकणाऱ्यांना तो माणसातच धरत नसे.

"कशी होती गं?"

ग्लेनिसने पूर्वेकडे बघितलं. गाडी नुकतीच धुतलेली होती. ऊन तिच्या पाठीवरून, एकेका खिडकीवरून सरकत चाललं होतं, आणि वळणावर ती अशी झुकली होती की पाहतच राहावं. ग्लेनिसने नॉरिसकडे बघितलं. नॉरिसने नाही अशी मान हलवली.

"शी," ती म्हणाली. "अगदी ओंगळ. काचांवर चिखल, दाराला पोचा आलेला. आणि नाकावर ही एवढी मेलेली माशी, जशी काय टिकली लावलीय."

"कुठल्या बाजूला?"

"मधोमध."

"पुढे?" ऑब्री म्हणाला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.